लाइट गेली आणि दप्तर बिघडले

मावळातला पाऊस आपल्याला नवा नाही. मृग लागला की कुसगावावर ढग उतरतात, ते नवरात्र येईपर्यंत हलायचे नाव घेत नाहीत. लोणावळ्याच्या ह्याच पावसाचे पाणी वळवणच्या आणि शिरवत्याच्या धरणांत साठते. ते खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ साली वीज तयार करायला सुरुवात केली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. गंमत अशी, की ज्या पावसाने मुंबईला वीज मिळाली, त्याच पावसाने आपल्या घरची लाइट जाते.

पूर्वी लाइट गेली म्हणजे कंदील लावला की भागत असे. आता तसे राहिले नाही. आता गावात संगणक आला आहे, आणि संगणकाला अचानक लाइट गेलेली सोसत नाही.

कुसगावात आमचा रात्रीचा वर्ग भरतो. तिथे एक जुना संगणक आहे. कोणीतरी दिलेला. त्यात वर्गाची हजेरी आहे, वाचायची पुस्तके आहेत, बचत गटाचा हिशेब आहे. शिवाय रस्त्याला जमिनी गेल्या त्या वेळचे कागद लोकांनी आणून दिले, त्यांचे फोटो काढून आम्ही त्यात ठेवले आहेत. मूळ कागद पेटीत असतात. पेटीला वाळवी लागते, उंदीर लागतात. म्हणून ही सोय.

एका जुलैमध्ये एकाच रात्री तीन वेळा लाइट गेली. सकाळी संगणक लावला, तो काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे दाखवून तिथेच थांबला. पुढे काही जाईना. दाराशी उभे असलेले तात्या म्हणाले, “गेलं का सगळं?”

शहरात एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “डिस्क पुसून सगळं नव्याने भरावं लागेल.” हे ऐकून बचत गटाच्या ताई पुढे आल्या. त्या म्हणाल्या, “पुसायचं म्हणजे काय? आमच्या बारा जणींचे पैसे कुणाचे किती, ते त्यात आहे. पुसायचं नाही.”

ताईंचे म्हणणे बरोबर होते. दप्तर बिघडले म्हणून कोणी तलाठ्याची चावडी जाळत नाही. आधी दप्तर तपासतात.

संगणकाचे दप्तर असते कसे, ते आता पाहू.

संगणकाच्या पेटीत एक चपटी डबी असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. आपण लिहिलेले सारे त्या डबीत राहते. ही डबी म्हणजे एक मोठे शिवार आहे असे समजा. शिवारात गट पाडलेले असतात, तसे डिस्कमध्येही बारीक बारीक गट पाडलेले असतात. बहुतेक लिनक्स संगणकांत एका गटात ४,०९६ बाइट मावतात. बाइट म्हणजे माहिती मोजायचे लहान माप. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये असे १२ कोटींच्या वर गट होतात. एवढे गट कोणी बोटावर मोजणार नाही. म्हणून दप्तर लागते.

ताईंचा हिशेब ही एक फाइल झाली. ती दहा गटांत पसरलेली असेल. कोणत्या गटांत, ते एका खात्यावर लिहिलेले असते. जशी आपली ८-अ ची खातेवही. तात्यांच्या खात्यावर अमुक गट, अण्णांच्या खात्यावर तमुक गट. प्रत्येक खात्याला नंबर असतो. फाइलीचे नाव मात्र त्या खात्यावर नसते, बरे का! नावांची यादी वेगळी. ‘हिशेब’ ह्या नावापुढे खाते नंबर अमुक, एवढेच त्या यादीत असते. आणि कोणते गट मोकळे, कोणते भरलेले, ह्याचा तिसरा तक्ता असतो. ह्या सगळ्या मांडणीला फाइल सिस्टीम म्हणतात. आपण तिला दप्तर म्हणू.

आता संगणक काही लिहितो तेव्हा ह्या तिन्ही ठिकाणी नोंद करावी लागते. खात्यावर गट चढवला, आणि तक्त्यात ‘भरलेला’ अशी खूण करणार तेवढ्यात लाइट गेली. मग काय? खाते म्हणते गट माझा. तक्ता म्हणतो गट मोकळा. उद्या दुसरी फाइल आली की तिला तोच गट मिळेल. एका गटावर दोन मालक! पुढचे तुम्हाला सांगायला नको.

ह्यावर एक तोड निघाली आहे, आणि ती आपल्या फेरफारासारखीच आहे. सात-बारावर एकदम कोणी नाव लावत नाही. आधी नमुना ६ मध्ये फेरफार लिहितात, मग सात-बारा बदलतो. लिनक्सच्या दप्तरातही तशी एक वही ठेवतात. आधी वहीत लिहायचे, मग खरा बदल करायचा. लाइट जाऊन परत आली, की संगणक आधी ती वही उघडतो. जो फेरफार पुरा लिहिलेला आहे तो लावून टाकतो. अर्धवट असेल तो सोडून देतो. हे काम काही क्षणांत होते.

लिनक्स फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केले. १९९३ साली त्यासाठी जे दप्तर तयार झाले त्यात फेरफाराची वही नव्हती. लाइट गेली की सारे शिवार पहिल्या गटापासून मोजायचे आणि तोवर माणसाने बसून राहायचे. २००१ साली वही आली. २००८ साली त्याहून सुधारलेले दप्तर आले. त्याचे नाव ई-एक्स-टी-४. आमच्या संगणकात हेच आहे. लिनक्सला पैसे पडत नाहीत, जुन्या संगणकावरही ते चालते, आणि त्यात मराठी लिहितावाचता येते. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे आपले लिनक्स काढले आहे. तुमच्या खिशातल्या ॲन्ड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सच आहे. तेव्हा हे काही परके नाही.

मग वही असून आमचा संगणक का अडला? वहीत बहुधा दप्तराचेच फेरफार असतात, फाइलीतला मजकूर नसतो. शिवाय लाइट खालीवर झाली, डिस्क जुनी झाली, तर वहीसुद्धा बिघडते. तीन वेळा झटका बसल्यावर वहीवर तरी किती भरवसा ठेवणार? अशा वेळी पुरी मोजणीच करावी लागते.

ह्या मोजणीदाराचे नाव आहे एफएससीके. चार इंग्रजी अक्षरे, सगळी लहान लिपीतली: एफ, एस, सी, के. हे लिनक्समध्ये आधीपासूनच असते, विकत आणावे लागत नाही.

त्याची एक मोठी अट आहे. मोजणी चालू असताना शेतात नांगर चालता कामा नये. कोणी बांध सरकवतो आहे आणि मोजणीदार साखळी धरून उभा आहे, अशी मोजणी खोटीच होणार. संगणकाचेही तसेच. ज्या डिस्कवर काम चालू आहे तिच्यावर दुरुस्ती चालवली, तर चांगले दप्तरही बिघडते. डिस्क आधी सोडवून घ्यावी लागते. ह्याला अनमाउंट करणे म्हणतात. हा नियम मोडून बसलेली शिकलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आमचे काम ह्या बाबतीत सोपे झाले. संगणक अर्ध्यात अडला होता, म्हणजे डिस्क अजून कामाला जुंपलेलीच नव्हती. पडद्यावरच्या इंग्रजीचा अर्थ असा होता: दप्तराचा मेळ बसत नाही, एफएससीके हाताने चालवा. खाली डिस्कच्या भागाचे नावही दिले होते. दुकानदाराने तेवढे वाचायला सांगितले असते, तर निम्मी काळजी तिथेच मिटली असती.

पण आम्ही लगेच दुरुस्तीला हात घातला नाही. आधी डिस्कला कान लावला. टकटक, खरखर असा आवाज आहे का? आवाज असेल तर दुखणे दप्तराचे नाही, डबीचे आहे. मग मोजणी करू नये. फिरवून फिरवून डबी लवकर मरते. संगणक बंद करावा आणि जाणकाराकडून आधी साऱ्या डिस्कची नक्कल काढून घ्यावी. आमच्या डिस्कचा आवाज नव्हता. तरी एका पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू केले आणि डिस्कची नक्कल बाहेरच्या मोठ्या डिस्कवर काढली. ह्याला दुपार गेली. तात्या दोनदा चहा घेऊन आले.

नंतर पुन्हा त्या काळ्या पडद्यावर येऊन नुसती पाहणी केली. एफएससीके लिहिले, मोकळी जागा सोडली, मग आडवी बारीक रेघ आणि तिला चिकटून एन. पुन्हा मोकळी जागा, आणि पुढे डिस्कच्या भागाचे नाव. एन म्हणजे ‘नाही’. मोजणीदाराला सांगायचे, चुका दाखव पण कशाला हात लावू नकोस. त्याने चुका दाखवल्या. बऱ्याच होत्या.

मग एन काढून तेच पुन्हा लिहिले. आता खरी मोजणी.

एफएससीके पाच फेऱ्या करते. पहिल्या फेरीत एकेक खाते उघडून त्यावरचे गट पाहते. दोन खाती एकाच गटावर हक्क सांगत असली, तर त्या गटाची नक्कल करून दोघांना एकेक देते. (जमिनीचा असा निवाडा करता आला असता, तर मावळातले निम्मे दावे मिटले असते!) दुसऱ्या फेरीत नावांच्या याद्या पाहते. तिसऱ्या फेरीत प्रत्येक यादी मुख्य यादीला जोडलेली आहे का ते बघते. चौथ्या फेरीत एका खात्याला किती नावे लागली आहेत ते मोजते. पाचव्या फेरीत मोकळ्या आणि भरलेल्या गटांचा तक्ता ताळ्यावर आणते.

चूक सापडली की ते विचारते, दुरुस्त करू का? आपण वाय दाबायचे. वाय म्हणजे ‘हो’. आम्ही वीस-पंचवीस वेळा दाबले, मग बोट दुखले. आधीच आडवी रेघ आणि वाय लिहिले असते तर सगळ्याला आपोआप ‘हो’ झाले असते. पण नक्कल काढलेली नसेल तर हे धाडस करू नये. मोजणीदाराला दप्तराचा मेळ बसवायचा असतो. तुमचा मजकूर वाचलाच पाहिजे, असा त्याचा हट्ट नसतो.

पेनड्राइव्हचे दप्तर बिघडले तरी हीच रीत. आधी अनमाउंट, मग तपासणी. मात्र दप्तरे निरनिराळ्या जातींची असतात. विंडोजच्या जातीचे दप्तर असेल, तर ते विंडोजच्या संगणकावरच तपासावे हे बरे.

मोजणी संपली. संगणक पुन्हा लावला. तो सरळ सुरू झाला. ताईंनी आधी हिशेब उघडायला लावला. गेल्या शुक्रवारपर्यंतचा होता. शनिवारी रात्री लिहीत असताना लाइट गेली, ते पान नव्हते. ताईंच्या वहीत ते पेनाने लिहिलेले होते, म्हणून निभावले.

जमिनीच्या कागदांत मात्र अकरा फोटो कमी भरले. तात्यांचा चेहरा उतरला. तेव्हा आम्ही त्यांना संगणकाचा कोंडवाडा दाखवला.

हो, कोंडवाडाच. लिनक्सच्या दप्तरात एक खण असतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘हरवले-सापडले’. ज्या खात्याचे गट शाबूत आहेत पण यादीतले नाव तुटले, अशा बेवारशी फाइली एफएससीके ह्या खणात आणून बांधते. चुकलेले गुरू कोंडवाड्यात असते तसे. नाव माहीत नसल्यामुळे नुसता खात्याचा नंबर लावलेला असतो. मालकाने यावे, ओळखावे, घेऊन जावे.

त्या खणात तेरा फाइली होत्या. आम्ही एकेक उघडत गेलो आणि तात्या ओळखत गेले. “हा आमचा फेरफार. हा थोरल्या भावाचा. हा कुणाचा ते माहीत नाही, पुढं चला.” नऊ फोटो पुरे मिळाले. एक अर्धा मिळाला, खालचा भाग करडा. त्याचा मूळ कागद तात्यांच्या पेटीत होता, तो दुसऱ्या दिवशी आणून पुन्हा फोटो काढला. बाकीच्या तीन फाइली संगणकाच्या स्वतःच्या कामाच्या निघाल्या.

अकरावा फोटो मिळाला नाही. तो एका म्हाताऱ्या आजींच्या नवऱ्याच्या नावाच्या जुन्या सात-बाराचा होता, आणि मूळ कागद आजींकडेही उरला नव्हता. त्यांना वडगावला तहसील कचेरीत नकलेसाठी अर्ज करावा लागला. अर्ज आमच्याच वर्गात बसून लिहिला. त्या दिवसापासून दर शनिवारी डिस्कची नक्कल काढून ती ताईंच्या घरच्या कपाटात ठेवतो. संगणकाला बॅटरीही बसवली आहे. लाइट गेली तरी ती दहा मिनिटे टिकते. तेवढ्या वेळात संगणक नीट बंद करता येतो.