अडीचशे शब्दांची शिस्त

वर्गाच्या भिंतीवर पडदा लावावा, शिक्षकाने एखादी तयार चित्रफीत दाखवावी, मुलांनी ती मुकाट्याने पाहावी आणि शाळेच्या दप्तरी ‘डिजिटल कथाकथनाचा उपक्रम संपन्न’ अशी नोंद व्हावी, हा प्रकार आता आपल्याकडे अपरिचित राहिलेला नाही. तो निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून पाठ आणि चित्रफिती मुलांच्या हाती दिल्या, आणि २०२० साली ग्लोबल टीचर पारितोषिकाच्या रूपाने त्या कार्याची जगाने दखल घेतली, हे सर्वश्रुत आहे. परंतु चित्रफीत दाखविण्याच्या व्यवस्थेत सांगणारा शिक्षक असतो आणि ऐकणारा विद्यार्थी. ज्याला काटेकोर अर्थाने डिजिटल कथाकथन म्हणावे, त्यात मात्र कथा विद्यार्थीच लिहितो, तिला आवाज तोच देतो, चित्रेही तोच निवडतो, आणि शिक्षकाकडे संपादकाचे, म्हणजे बहुतांशी काटछाटीचे, काम उरते.

या पद्धतीचा उगम शाळेत झालेला नाही. कॅलिफोर्नियातील डेना ॲचली हा कलावंत ‘नेक्स्ट एक्झिट’ नावाचा प्रयोग करीत असे. रंगमंचावर एका पडद्यात शेकोटी पेटलेली दिसे, तिच्याशेजारी बसून तो आपल्या आयुष्यातील प्रसंग सांगे आणि मागे छायाचित्रे व चित्रफिती उमटत. नाट्यक्षेत्रातून आलेल्या जो लॅम्बर्ट यांच्यासह त्याने हे तंत्र सामान्य माणसांना शिकविण्याचा घाट घातला. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसला पहिली कार्यशाळा झाली, १९९४ मध्ये सान फ्रान्सिस्कोत संस्था उभी राहिली, आणि पुढे बर्कलीत स्थिरावलेल्या त्या संस्थेने ‘स्टोरीसेंटर’ हे नाव धारण केले. २००१ मध्ये बी.बी.सी.ने वेल्समध्ये असाच प्रकल्प काढला, तेव्हा छायाचित्रकार डॅनियल मेडोज यांनी त्याला एक कडक चौकट घालून दिली: सुमारे २५० शब्द, डझनभर स्थिरचित्रे, दोन मिनिटांचा अवधी. शाळेच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील ही चौकटच मला सर्वांत मोलाची वाटते.

स्थिरचित्र पुढे धरून त्यावर कथा सांगण्याची रीत आपल्याला परकी वाटण्याचेही कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांच्या पोथ्या काढून, एकेक चित्र पुढे करीत, रामायण-महाभारतातील आख्याने गातात. चित्र स्तब्ध आणि आवाज चालता, हीच त्या चित्रकथीची किमया.

समजा, माण तालुक्यातील एखाद्या शाळेत सातवीच्या वर्गाला १९७२ च्या दुष्काळाचा विषय दिला. पहिल्या मसुद्यात काय येईल, हे कोणताही अनुभवी शिक्षक डोळे मिटून सांगेल: दुष्काळ ही एक भीषण नैसर्गिक आपत्ती आहे, पाणी हे जीवन आहे, आणि झाडे लावणे हे आपले आद्य कर्तव्य आहे. चारशे शब्द, आणि त्यांतला एकही त्या मुलीचा नाही. अशा वेळी गुरुजींनी लाल शाई आवरून एवढेच विचारावे, ‘तुझी आजी तेव्हा काय करत होती गं?’ मुलगी घरी जाते, विचारते, आणि दुसऱ्या दिवशी निराळाच ऐवज घेऊन येते: आजी तलावाच्या कामावर खडी फोडायला जाई, बाहेरून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी काही केल्या घशाखाली उतरत नसे, कामावर मिळालेली सुकडी ती पदराला बांधून धाकट्या भावासाठी आणी. आता ‘भीषण’ हा शब्द कोणी न सांगता गळून पडतो. सुकडी ठेवायची तर आपत्तीवरचे सुभाषित काढावेच लागते, कारण शब्द अडीचशेच आहेत. आणि काय ठेवावे, काय टाकावे याचा हा निवाडा करता करता ती मुलगी निबंधलेखनाच्या अनेक तासांत न शिकलेली गोष्ट शिकते. मिलो आला कोठून, हा प्रश्न तिला अमेरिकेतून झालेल्या धान्याच्या आयातीपर्यंत नेतो, आणि खडी फोडण्याची हकीकत १९७७ च्या रोजगार हमी कायद्यापर्यंत.

चित्रांचा प्रश्न त्याहून अवघड, कारण त्या सालचे छायाचित्र अशा घरात क्वचितच सापडायचे. मग मुले इंटरनेटवरून भेगाळलेल्या जमिनीचे कुठले तरी चित्र उचलतात, आणि माझ्या मते शिक्षकाने तेथे साफ नकार द्यावा. आजीचे हात, अडगळीत पडलेला हातोडा, त्याच तलावाचा आजचा बांध: मोबाइलवर टिपलेली ही चित्रे पुरतात.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओची गरज नाही. पंखा बंद करावा, मोबाइल एरोप्लेन मोडवर टाकावा, आणि वर्गाच्या उघड्या भिंतींवरून आवाज घुमू लागला तर मुलाला सरळ गोधडीखाली बसवून वाचू द्यावे. उकडते खरे, पण आवाज स्वच्छ येतो. आजी ‘म्हनली’ असे मुलीने लिहिले असेल, तर ते ‘म्हणाली’ करण्याचा मोह टाळावा. शुद्धलेखनाची खातरजमा करायला शाळेत इतर वह्या पुष्कळ असतात. पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटातले गाणे लावण्याची हौस मात्र मोडावी. त्यात स्वामित्वहक्काची अडचण आहेच, शिवाय गाणे दोन मिनिटांत त्या कोवळ्या आवाजाचा कब्जा घेते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. घरची गोष्ट सांगा म्हटले की मुले केवळ आजीची भाकरी आणीत नाहीत. बापाचे व्यसन, सावकाराचा तगादा, आईचे माहेरी निघून जाणे हेही वहीत उतरते, आणि ते वाचून गहिवरलेला शिक्षक तीच चित्रफीत कौतुकाने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळा होतो. कथा कोणाला दाखवायची, याचा पहिला अधिकार सांगणाऱ्याचा आणि त्याच्या घरच्या मंडळींचा आहे. त्यांना विचारल्यावाचून कथा वर्गाबाहेर जाता कामा नये. आणि कोणाला घरचे सांगायचेच नसेल, तर गावची विहीर, आठवड्याचा बाजार, बंद पडलेला घाणा हे विषय काय कमी आहेत?

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची स्वतंत्र चित्रफीत काढणे एकट्या शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा आक्षेप रास्त आहे. पाच-पाच मुलांचे गट करून गटाने सर्वांच्या गोष्टी ऐकाव्यात आणि त्यांतली एक निवडावी, ही तडजोड निभावते. स्टोरीसेंटरच्या कार्यशाळांतही गोलाकार बसून एकमेकांच्या कथा ऐकणे हाच कामाचा कणा मानला जातो. ज्यांची गोष्ट निवडली गेली नाही, त्यांनीही ती एकदा मोठ्याने सांगितलेली असते. गुण द्यायचे ते चित्रफितीला देऊ नयेत, कारण ज्याच्या घरी बरा मोबाइल त्याची चित्रफीत बरी होणार. पहिला, दुसरा आणि अखेरचा असे तिन्ही मसुदे दप्तरी ठेवून त्यांतल्या अंतराला गुण द्यावेत; तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना पडद्यावरची चित्रे अधिक आवडतील हे खरे, पण त्यांच्यापुढे आधी ते कागदच ठेवावेत.