गिअरची की बिनगिअरची?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रावर लेख लिहावा, याचे आमच्या मराठीच्या सरांना नवल वाटेल. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत हा विषय आमच्या घरात असा काही पेटला की, त्यातले यंत्र समजून घेतल्याखेरीज मला गत्यंतरच उरले नाही.

पंचवटीत आमची छोटी खानावळ आहे. पहाटे दिंडोरी रोडच्या बाजार समितीतून भाजी आणायची आणि दुपारपर्यंत वीस-बावीस डबे पोचवायचे, हे काम बाबा करीत. उन्हाळ्यात त्यांचा डावा घोटा मोडला. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाने पाडावा लागतो. त्यामुळे आमची जुनी गाडी दाराशी उभी राहिली. ती विकून आणि थोडी शिल्लक घालून एकच नवी गाडी घेता येणार होती. बाबा म्हणाले, "घ्यायची तर गिअरचीच. पाय काय, चार महिन्यांत बरा होईल." आई म्हणाली, "अहो, चार महिने डबे कोण पोचवणार?"

बाबांचा हात बसला तो आजोबांच्या चेतकवर. बजाजची ही स्कूटर १९७२ साली आली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे तिची वाट पाहत. तिचा गिअर डाव्या मुठीत असे. क्लच दाबून मूठ फिरवायची. त्याच वर्षी निघालेल्या लुनाला मात्र गिअरची कटकट नव्हती, आणि १९८४ साली कायनेटिक होंडाने पुऱ्या आकाराची बिनगिअरची स्कूटर आणली. पुढे काळ असा फिरला की, २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनविणेच थांबवीत असल्याचे जाहीर केले. चेतक हे नाव २०२० मध्ये परत आले ते विजेवर चालणाऱ्या गाडीला, आणि तिच्यात तर बदलायला गिअरच नाहीत!

आता मुळात गिअर कशासाठी? इंजिन विशिष्ट वेगाने फिरत असेल तरच नीट ओढते. चढावर जोर हवा, सपाटीवर वेग हवा. एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते. मोटारसायकलीत हा सौदा आपण पायाने करतो. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये तो एक रबरी पट्टा करतो. हा पट्टा दोन कप्प्यांवरून फिरतो. इंजिनचा वेग वाढला की, पुढच्या कप्पीतले लहान रोलर बाहेर फेकले जातात व तिच्या दोन बाजू जवळ ढकलतात. पट्टा तेथे वर चढतो, मागच्या कप्पीत खाली उतरतो आणि गाडी जणू वरच्या गिअरमध्ये जाते. क्लचही आपोआप. इंजिन मंदावले की तो सुटतो, म्हणून सिग्नलला गाडी बंद पडत नाही.

बाबांचा खरा आक्षेप येथेच होता, आणि तो खोटा नव्हे. उतारावर गिअरची गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली की, इंजिनच तिला धरून ठेवते. बिनगिअरच्या गाडीत ही पकड थोडी, आणि वेग फार उतरला तर क्लच सुटून तीही जाते. मग सारा भार ब्रेकवर. दोन वर्षांपूर्वी मामांच्या स्कूटरवरून सप्तशृंगी गडाहून नांदुरीकडे उतरताना मामा सारखा ब्रेक दाबून होते. मध्येच करपट वास सुटला आणि ब्रेक पोकळ लागू लागला. गाडी कशीबशी थांबवून आम्ही अर्धा तास कठड्यापाशी बसलो. मामा एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र मनात सारे देव आठवले.

शिवाय पट्टा आणि रोलर झिजतात, बदलावे लागतात, आणि शंभर सीसीची मोटारसायकल पेट्रोलला सहसा हलकी पडते. डब्यामागे सुटणारे पैसे मोजणाऱ्या घरात या गोष्टी लहान नसतात.

पण मी कागदावर आमचा रोजचा रस्ता लिहून काढला. घर, बाजार समिती, निमाणी, पंचवटी कारंजा, रविवार कारंजा आणि परत. दर शंभर पावलांवर थांबा. रामकुंडाकडे यात्रेकरूंची गर्दी असली की पन्नासावर. त्यात घाट कोठेही नाही! गडावर आम्ही वर्षातून एकदा जातो, तेही एस.टी.ने जाता येते. भाजीचे पोते पायांपुढच्या सपाट जागेत मावते, आणि आईला साडी सावरून चढता येते. माझे लायसन्सही बिनगिअरचेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीचे हे दोन वर्ग वेगळे आहेत, हे पुष्कळ मैत्रिणींना ठाऊक नसते.

कागद वाचून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उतारावर दोन्ही ब्रेक वापरत जा, नुसता मागचा नको."

पाडव्याला स्कूटर घरी आली. आई महिन्याभरात शिकली. पट्ट्याच्या खर्चासाठी ती दरमहा शंभर रुपये हळदीच्या रिकाम्या डब्यात टाकते. बाबा हल्ली कधीकधी बाजारापर्यंत मागे बसून येतात. चढ लागला की त्यांचा डावा पाय अजून गिअर शोधतो.