ऊंसामागें निघालेलीं माणसें

दिवाळी सरली कीं नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागांतील कित्येक भिल्ल कुटुंबें भांडींकुंडीं व कोयते घेऊन, तान्हीं मुलें कडेवर घालून, ऊंसतोडीसाठीं सुरत जिल्ह्याकडे निघतात. पावसाळा जवळ आला म्हणजे परततात. या जाण्यास कोणी देशांतर म्हणत नाहीं. परंतु साखरेनें मनुष्यास घराबाहेर काढावें, हा जगाच्या अर्वाचीन इतिहासांतील जुनाच प्रकार आहे.

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेट इंग्रजांनीं १८१० सालीं फ्रेंचांपासून जिंकून घेतलें. तेथील ऊंसाचे मळे गुलामांच्या श्रमांवर चालत. १८३५ सालीं गुलामगिरी बंद झाली. मळे मात्र बंद झाले नाहींत. त्यापूर्वींच, २ नोव्हेंबर १८३४ रोजीं, ‘ॲटलस’ जहाजांतून ३६ हिंदी मजूर तेथें उतरले. कलकत्त्याहून गेलेले हे लोक छोटा नागपूरकडील आदिवासी होते. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांवर माणसें गेलीं. त्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेंही होतीं. या कराराला ‘गिरमिट’ असें नांव पडलें. त्यांत हाल फार होते. तथापि मुदत कागदावर लिहिलेली असे.

आतां तापीकडे वळूं. प्रकाशें गांवावरून वाहणारी ही नदी खालीं गुजरातेंत जाते. तेथें काकरापारचा बंधारा झाला, १९५५ सालीं बारडोलीस सहकारी साखर कारखाना स्थापन झाला, १९७२ सालीं उकाईचें धरण पुरें झालें. कालव्यांच्या पाण्यानें ऊंस वाढला आणि तोडावयास माणसें हवीं झालीं. पावसाळ्यांत घरांतील धान्य संपतें, त्या वेळीं मुकादम उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबांत एक ‘कोयता’. हंगामांत खाण्यापुरतें धान्य मिळतें. अखेरीस तें, उचल व व्याज वजा जाऊन उरेल तेवढेंच हातीं येतें. हिशेबाची वही मुकादमाजवळ असते. परप्रांतीं जाणाऱ्या मजुरास ठेकेदारानें स्वतंत्र नोंदवही द्यावी, असें १९७९ च्या कायद्यानें ठरविलें होतें; पण तोंडी व्यवहारापुढें तें बहुधा कागदावरच राहिलें.

मॉरिशसला गेलेल्यांपैकीं बहुतेक तेथेंच राहिले, जमीन घेऊन त्यांनीं मुलांस शिकविलें. १९६८ सालीं बेट स्वतंत्र झालें, तेव्हां पहिले पंतप्रधान झालेले शिवसागर रामगुलाम हे अशाच एका मजुराचे पुत्र होते. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते. सातासमुद्रांपलीकडे गेलेला मनुष्य असा तेथला नागरिक झाला. जिल्ह्याची सीमा ओलांडणारा मात्र दरवर्षी नव्यानें परका होतो. तो तेथें मुरत नाहीं आणि येथें त्याचें घर अर्धें वर्ष बंद असतें.

शाळा जूनमध्यें उघडते व दिवाळीनंतर त्याच्या मुलाची जागा रिकामी होते. हजेरीपटावर तें नांव तसेंच असतें, आणि मूल उंसाच्या फडांत धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेलें असतें. त्याला हिशेब वाचतां येऊं लागेल, तेव्हांच मुकादमाची वही उघडेल.