शिसे, कॅडमियम आणि पुरुषांतील प्रजनन संप्रेरके

प्रस्तावना :
वंध्यत्वाची चर्चा आपल्या समाजात बहुधा स्त्रीभोवतीच फिरते. पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर परिसरातील व कामाच्या ठिकाणच्या धातूंचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात शिसे व कॅडमियम यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

संप्रेरकांची साखळी :
मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या संदेशानुसार पीयूषिका ग्रंथी एल.एच. व एफ.एस.एच. ही संप्रेरके स्रवते. एल.एच.मुळे वृषणातील लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, तर एफ.एस.एच. सर्टोली पेशींमार्फत शुक्राणूनिर्मितीस साहाय्य करते. टेस्टोस्टेरॉन घटू लागताच पीयूषिका अधिक एल.एच. स्रवून तूट भरून काढू पाहते.

धातूंचा परिणाम :
कॅडमियम टोचल्यास उंदरांच्या वृषणातील ऊती नष्ट होतात, हे १९५० च्या दशकात पॅरिझेक यांनी दाखविले. माणसाच्या शरीरात मात्र ते तंबाखूचा धूर व अन्न यांतून अल्प प्रमाणात येते आणि मूत्रपिंडात अनेक वर्षे साठून राहते. शिशाबाबत रुमानियातील बॅटरी कामगारांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात शिशाचा अधिक संसर्ग झालेल्या कामगारांत शुक्राणूंचे दोष आढळले. प्रौढ शरीरातील बहुतांश शिसे हाडांत साठते. म्हणून काम सोडल्यावरही ते रक्तात उतरत राहते.

निदानातील अडचण :
केवळ टेस्टोस्टेरॉनची पातळी पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. वृषणास इजा झाली असूनही वाढलेल्या एल.एच.मुळे ती पातळी काही काळ सामान्य राहू शकते. उलट, शिशाचा परिणाम पीयूषिकेवरच झाला असेल, तर एल.एच. अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. यास्तव दोन्ही संप्रेरके एकत्र तपासणे आवश्यक ठरते. धूम्रपानाची नोंदही हवी. कारण त्यातून कॅडमियम मिळते आणि त्याचा संप्रेरकांशी स्वतंत्र संबंधही असू शकतो.

निष्कर्ष :
भारतात २००० सालापासून पेट्रोल शिसेमुक्त झाले. परंतु जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या कामगाराचा धोका टळलेला नाही. अपत्य हवे असणाऱ्या स्त्री व पुरुष अशा दोघांच्याही १०० ग्रॅम रक्तातील शिसे ३० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असावे, असे अमेरिकेच्या १९७८ च्या व्यावसायिक मानकात नमूद होते. आज शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. म्हणूनच अपत्यहीन दांपत्याची तपासणी करताना पतीचा व्यवसाय विचारणे, हे निदानाचे पहिले पाऊल ठरावे.