वासावरून विष कळत नाही

मोडनिंबसारख्या गावच्या बाजारात तान्ह्या बाळाचा खुळखुळा, पावडरीचा डबा आणि काजळाची डबी जवळजवळच मांडलेली असतात. पंढरपूरच्या यात्रेहून परततानाही लेकरासाठी काहीतरी घेतलं जातंच. या वस्तूंमध्ये कोणतं रसायन किती चालेल, याचे नियम आहेत. पण खरेदी होते ती ऐकीव समजुतींवर.

गैरसमज : रंग हाताला लागत नाही, वासही येत नाही; म्हणजे खेळणं चांगलं.

वस्तुस्थिती : शिशाला वास नसतो आणि ते पक्क्या, चकचकीत रंगातही असू शकतं. बाळ खेळणं चोखतं, रंगाचे पोपडे गिळतं. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं आणि त्याचा घाव मेंदूच्या वाढीवर बसतो. शिशाची सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच प्रयोगशाळेत खेळण्याचा रंग खरवडून पोटातल्यासारख्या आम्लात ठेवतात आणि सुटलेलं शिसं मोजतात. मर्यादा आहे किलोमागे ९० मिलिग्रॅम.

गैरसमज : खेळण्याला कसला आलाय आयएसआय?

वस्तुस्थिती : १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, देशी असोत वा परदेशी, हे चिन्ह बंधनकारक आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या २०१९ च्या पाहणीत आयात खेळण्यांचे सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले होते. नुसतं चिन्ह पाहून भागत नाही. त्याच्या वर मानकाचा क्रमांक (साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३) आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते दिसतं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे. त्यांच्याकडून घेताना बिनरंगी लाकडी खेळणं बरं.

गैरसमज : महाराष्ट्रात जॉन्सन बेबी पावडरवर कारवाई झाली ती कॅन्सरमुळे.

वस्तुस्थिती : सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला, तो नमुन्यांचा सामू (पीएच) मर्यादेबाहेर आढळल्यामुळे. नमुने होते २०१८ चे. नव्या तपासणीत पावडर मानकात बसली आणि ११ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द केले. कॅन्सरचा वाद वेगळा. तो टाल्क आणि त्यात मिसळू शकणाऱ्या ॲस्बेस्टॉसचा. ऑगस्ट २०२२ मध्येच कंपनीने जगभर टाल्कऐवजी मक्याचा स्टार्च वापरण्याचं जाहीर केलं होतं. मात्र पावडर कशाचीही असो, तिची भुकटी बाळाच्या श्वासात जाते आणि बाळाला तिची गरजही नसते.

गैरसमज : काजळ-सुरमा आजीच्या काळापासून आहे, त्यात कसलं केमिकल?

वस्तुस्थिती : पारंपरिक सुरमा अनेकदा शिशाच्याच खनिजापासून बनतो. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला कायद्याने मनाई आहे, पण बिनलेबल पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घरी धरलेल्या काजळात शिसं नसलं, तरी बोटावरचे जंतू डोळ्यात जातातच. दृष्ट काढायची तर मीठ-मोहऱ्या ओवाळाव्यात. डोळ्यांत काही घालू नये.

संशय आला तर वस्तू फेकू नका. वेष्टन आणि बिल जपून ठेवा. खेळण्याची तक्रार 'बीआयएस केअर'वर करता येते. पावडर आणि काजळाची अन्न व औषध प्रशासनाकडे.