यकृतातल्या गाठी आणि उष्णतेचा उपचार

मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली; पुढचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि कामगारांचे कागद वाचता वाचता झाले. नुकसानभरपाईचे, रजेचे, दवाखान्याचे असे कागद मी पुष्कळ वाचले. एक मात्र वेळेवर वाचला नाही, आणि आजचा विषय त्यातूनच निघाला आहे.

हिंगणघाटच्या साचेखात्यातून निवृत्त झालेले आमचे एक जुने सभासद होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची त्यांची शस्त्रक्रिया झाली होती. दीड वर्षाने रोग यकृतात उतरल्याचे दिसले. घरच्यांना कोणीतरी एवढेच सांगितले, "लिव्हरमध्ये गेला, आता घरी न्या." त्यांनी नेले. कागदांची पिशवी माझ्याकडे आली ती पैशांच्या अर्जासाठी, आणि मी तिच्यातली बिले तेवढी पाहिली. तीन महिन्यांनी अहवाल उघडला, तर त्यात लिहिलेले : गाठी दोन, मोठी दोन सेंटिमीटरची. दादांना घेऊन मुंबईला धावलो. तोवर गाठी मोजण्यापलीकडे गेल्या होत्या.

दोन लहान गाठींना काय करता आले असते, हे मी त्यानंतर शिकलो.

आतड्यातले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेवाटे यकृतात येते व तेथे गाळले जाते. म्हणून आतड्यातल्या कर्करोगाच्या पेशी रक्तात सुटल्या की त्यांचा पहिला मुक्काम बहुधा यकृतातच पडतो. गाठी थोड्या असल्या तर तो भाग कापून काढणे हा जुना आणि आजही भरवशाचा मार्ग आहे. पण प्रत्येकाची प्रकृती ते मोठे ऑपरेशन सोसत नाही, आणि काही गाठी सुरी पोचवू नये अशा जागी असतात. तेथे उष्णतेचा उपयोग होतो.

अंड्याचा पांढरा बलक तापला की गोठतो आणि पुन्हा पातळ होत नाही. पेशीतल्या प्रथिनांचेही तसेच आहे. साठ अंशांच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरते. सोनोग्राफी किंवा सी.टी.च्या चित्रावर पाहत डॉक्टर एक लांब सुई कातडीतून गाठीत नेतात. रोग्याला भूल दिलेली असते. सुईतून जाणाऱ्या विजेची दिशा सेकंदाला काही लाख वेळा पालटते. इतक्या झपाट्याने पालटणाऱ्या प्रवाहाला स्नायू आणि मज्जातंतू दाद देत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. फ्रान्समध्ये द'आर्सोनव्हाल यांनी ही गोष्ट १८९१ च्या सुमारास दाखवून दिली होती. सुई स्वतः तापलेली सळई नव्हे. तिच्याभोवतीच्या मांसातले क्षारकण प्रवाहाबरोबर मागेपुढे घासले जातात आणि मांस आतूनच तापते. (आपल्या खेड्यांत पोट फुगलेल्या लेकराला तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्या अघोरी प्रकाराशी याचे नाते जोडू नये.)

उष्णता शंभर अंशांवर गेली तर पाण्याची वाफ होते, मांसाचा कोळसा होतो, आणि कोळशातून प्रवाह नीट जात नाही. म्हणून घाई करून भागत नाही. शिवाय केवळ गाठ जाळून पुरत नाही. तिच्या चहूबाजूंनी पाच ते दहा मिलिमीटरचा निरोगी दिसणारा काठही जाळावा लागतो, कारण सुटे चोर तेथेच दडलेले असतात. दुसरी अडचण रक्ताची. वाहत्या पाण्याचा नळ चिकटून असेल तर लोखंडी पत्रा नीट तापत नाही, हे कोणताही वेल्डर सांगेल. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला टेकून असली की वाहते रक्त उष्णता पळवते आणि त्या बाजूला पेशी जिवंत राहतात. ही खोड मायक्रोवेव्हच्या सुईला पुष्कळ कमी जाचते. ती स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्याच जातीच्या लहरी सोडते आणि अधिक जलद तापवते.

आता गुण किती? युरोपात ज्यांच्या गाठी कापता येत नव्हत्या असे ११९ रोगी घेऊन एक तुलना झाली. तिचे दीर्घ निष्कर्ष २०१७ साली छापून आले. नुसती औषधे मिळालेल्यांपैकी आठ वर्षांनी शंभरात सुमारे नऊ हयात होते. औषधांबरोबर उष्णतेचा उपचार मिळालेल्यांत सुमारे छत्तीस. संख्या लहान आहे, तेव्हा ढोल वाजवू नये. पण घरी नेऊन निजवण्यासारखीही ती नाही. पुढे नेदरलंड्समध्ये सुमारे तीनशे रोग्यांवर सुरी आणि उष्णता यांची समोरासमोर परीक्षा झाली. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत उष्णतेने आयुष्य घटल्याचे दिसले नाही, उपद्रव मात्र कमी झाले. हे निष्कर्ष २०२५ चे आहेत.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तीन सेंटिमीटरच्या पुढे यश घसरते. गाठी पुष्कळ असतील, किंवा रोग इतरत्रही फोफावला असेल, तर सुईचा फारसा उपयोग नाही, तेथे औषधेच. रक्तस्राव, पू होणे, पित्तनलिकेला किंवा जवळच्या आतड्याला भाजणे हे धोके थोडे असले तरी खरे आहेत. आणि जाळलेल्या गाठीच्या काठाला रोग पुन्हा उगवू शकतो, म्हणून पुढे वेळोवेळी सी.टी. करावाच लागतो.

परळच्या गिरणगावात १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयात हा उपचार होतो. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे मोठी रुग्णालये आहेत; प्रथम तेथे विचारावे. विचारायचे ते असे : गाठी किती, सर्वांत मोठी केवढी, मोठ्या शिरेला टेकलेली आहे काय, यकृताबाहेर रोग आहे काय. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपला उपचार यादीत आहे की नाही हे त्याच्याकडून दाखल होण्यापूर्वीच कळून घ्यावे. आणि मुंबईला जाताना टाइप केलेल्या अहवालाबरोबर सी.टी.ची चकती किंवा फिल्मही न्यावी. दादांच्या वेळी ती आम्ही घरी विसरलो होतो. तेथल्या डॉक्टरांनी पहिल्याप्रथम तीच मागितली, कारण गाठ ते स्वतः मोजतात.