झोपेच्या उंबरठ्यावरचा स्फोट

दिवसभराची कामे उरकून आपण अंथरुणाला पाठ टेकतो. दिवा मालवलेला असतो, घर शांत झालेले असते. विचार एकमेकांत मिसळू लागतात आणि डोळा लागतो न लागतो तोच डोक्यात 'धाड'कन काहीतरी फुटते. कुणाला कानाशी सुतळी बॉम्ब वाजल्यासारखे वाटते, कुणाला पत्र्यावर नारळ आदळल्यासारखे, तर कुणाला दार जोरात आपटल्यासारखे. काहींच्या मिटल्या डोळ्यांपुढे त्याच क्षणी वीज चमकते. माणूस दचकून उठून बसतो. छाती धडधडत असते. शेजारी झोपलेली व्यक्ती मात्र खुशाल घोरत असते! घरात काही पडलेले नसते, बाहेर काही फुटलेले नसते. आवाज झाला तो फक्त याच्याच डोक्यात.

हा अनुभव तुम्हाला आला असेल, तर आजचे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. आला नसेल, तरी ऐकून ठेवा. कारण तुमच्या घरात तो कुणाला तरी आला असण्याची, आणि त्या व्यक्तीने तो कुणालाच सांगितला नसण्याची शक्यता बरीच आहे.

वैद्यकशास्त्रात याला 'एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम' म्हणतात. शब्दशः अर्थ घेतला, तर 'डोके फुटण्याचा विकार'. नाव असे की ऐकूनच माणसाला घाम फुटावा! प्रत्यक्षात डोक्यात काहीही फुटत नाही. मेंदूला इजा होत नाही, कानाला होत नाही. आवाज क्षणभरच टिकतो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेदना होत नाहीत. डोके दुखत नाही, पण भीती मात्र जबरदस्त वाटते. बहुतेकांना हा अनुभव झोप लागता लागता येतो, काहींना मध्यरात्री जाग येताना. एखाद्याला तो आयुष्यात एकदाच येतो, तर एखाद्याला ओळीने चार रात्री येतो आणि मग महिनोन् महिने त्याचा पत्ता नसतो. काहींना आवाजाबरोबर अंगातून विजेचा प्रवाह गेल्यासारखे किंवा उष्णतेची लाट उसळल्यासारखे वाटते.

नाव अलीकडचे असले, तरी अनुभव जुना आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री तो जर्मनीत मुक्कामाला होता. वय अवघे २३ वर्षांचे. त्या रात्री त्याला तीन स्वप्ने पडली, आणि त्यांनी आपल्या आयुष्याची दिशा ठरवली असे तो मानत असे. त्यांतल्या दुसऱ्या स्वप्नात त्याला मेघगर्जनेसारखा प्रचंड आवाज ऐकू आला. त्याने डोळे उघडले, तर खोलीभर ठिणग्या विखुरलेल्या दिसल्या. अशा ठिणग्या त्याला पूर्वीही दिसल्या होत्या. त्याने काही वेळा डोळ्यांची उघडझाप केली, ठिणग्या विरल्या आणि तो पुन्हा झोपी गेला. हा वृत्तांत १६९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्रातून आपल्यापर्यंत पोचला आहे. देकार्तने त्या गर्जनेचा अर्थ लावला तो असा, की सत्याचा आत्मा आपल्यावर उतरला. २०१८ साली एका संशोधकाने हे वर्णन वैद्यकाच्या चष्म्यातून वाचले आणि हा तोच डोक्यातला स्फोट असावा, असे मत मांडले. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान खात्रीने करता येत नाही, हे खरे. पण आवाज, ठिणग्या, वेदनेचा अभाव आणि पुन्हा लागलेली झोप, सगळे जुळते.

डॉक्टरांच्या वहीत हा अनुभव आला तो १८७६ साली. फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल हे अमेरिकेतल्या यादवी युद्धातील जखमींवर उपचार केलेले नामवंत डॉक्टर. कापून टाकलेला हात किंवा पाय अजून आहे, असे जखमी सैनिकांना जाणवत राहते, हे त्यांनीच तपशीलवार लिहून ठेवले होते. झोपेच्या तक्रारींविषयी लिहिताना त्यांनी दोन पुरुषांची हकिगत नोंदवली. घंटा वाजावी किंवा बंदूक सुटावी अशा आवाजाने ते झोपेतून दचकून उठत. पुढे शंभर वर्षे हा विषय अधूनमधून कुणीतरी उल्लेख करावा इतपतच राहिला. १९८८ साली ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जे. एम. एस. पिअर्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात या विकाराला त्याचे आजचे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी ५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली.

तेव्हा समजूत अशी झाली, की हा दुर्मिळ विकार असून तो मुख्यतः पन्नाशीपुढच्या माणसांना, विशेषतः स्त्रियांना होतो. पण ही समजूत डॉक्टरांपर्यंत पोचलेल्या माणसांवरून झालेली होती. जे पोचलेच नाहीत त्यांचे काय? २०१५ साली अमेरिकेत ब्रायन शार्पलेस या मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयातल्या २११ तरुण विद्यार्थ्यांना थेट विचारले. त्यांतल्या १८ टक्क्यांनी हा अनुभव आयुष्यात निदान एकदा तरी आल्याचे सांगितले. म्हणजे पाचांत जवळजवळ एक! एका विद्यापीठातला हा आकडा साऱ्या जगाला लागू करता येणार नाही. परंतु विकार दुर्मिळ नव्हता, त्याबद्दल बोलणे दुर्मिळ होते, एवढे त्यातून कळते.

माणसे बोलत का नाहीत? मेंदूविकारांच्या माझ्या व्यवसायात या प्रश्नाचे उत्तर मला अनेकांकडून मिळाले आहे. एक निवृत्त शिक्षिका आठवतात. तालुक्याच्या गावाहून आल्या होत्या. तक्रार सांगितली ती निद्रानाशाची. झोपेची गोळी हवी होती. तपासणी झाली, प्रश्न विचारून झाले. उठता उठता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हसणार नसाल तर एक सांगते." आणि मग डोक्यातल्या आवाजाची गोष्ट बाहेर आली. आठ महिने त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला सांगितले, तर ते काळजी करतील. सुनेला सांगितले, तर ती काय समजेल? शेजारणीला सुचवून पाहिले, तर तिने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायला सांगितले. आवाज होईल या धास्तीने त्या रात्री एक-दोन वाजेपर्यंत जाग्या राहत. शेवटी त्यांनी मला विचारले, "खरं सांगा, मला वेड लागतंय का? की डोक्यातली शीर फुटणार आहे?"

बहुतेकांच्या मनात हेच दोन प्रश्न असतात. दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. पण ते मिळाले नाही, तर एक दुष्टचक्र सुरू होते. आवाजाच्या भीतीने झोप उडते, झोप उडाल्याने शरीर थकते, मनावर ताण येतो. आणि थकवा व ताण असताना हे स्फोट अधिक होतात, असे अनेक रुग्ण सांगतात. मूळ अनुभव क्षणाचा असतो, त्याच्या भीतीने खाल्लेल्या रात्री मात्र शेकडो.

मग हे होते तरी कसे? झोप म्हणजे दिव्याचे बटन दाबल्यासारखा एका क्षणाचा मामला नाही. मेंदूच्या देठात चेतापेशींचे एक जाळे आहे. आपल्याला जागे ठेवण्याचे काम ते करते, हे मोरुत्सी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी १९४९ साली दाखवून दिले. झोप येऊ लागली, की या जाळ्याचे काम मंदावते. स्नायू सैल पडतात, बाहेरचे दिसणे-ऐकणे मागे हटते. वीज केंद्रातला माणूस एकेक भागाचा पुरवठा रीतसर बंद करत जातो, तसेच हे. पण कधी खटका ओढताना ठिणगी उडते ना? तज्ज्ञांचा तर्क असा, की ऐकण्याशी संबंधित पेशी शांत होण्याऐवजी क्षणभर सगळ्या एकदम उद्दीपित होतात. मेंदूला तो प्रचंड आवाज वाटतो. हीच गडबड पाहण्याशी संबंधित पेशींत झाली, तर प्रकाश चमकतो. हा अजून तर्कच आहे, पूर्ण सिद्ध झालेला नाही. मात्र काही रुग्णांच्या मेंदूतील विद्युत लहरी झोपेच्या प्रयोगशाळेत नोंदवल्या गेल्या, तेव्हा त्यांत अपस्माराची, म्हणजे फिटची, लक्षणे आढळली नाहीत. ही दिलासा देणारी गोष्ट.

या स्फोटाची सौम्य भावंडे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. पायरी चुकल्यासारखे वाटून अंगाला बसणारा झटका हे त्यांतले एक. दुसरे म्हणजे डोळा लागताना कुणीतरी आपल्या नावाने मारलेली हाक, दाराची घंटा किंवा फोनची रिंग. जागेपण आणि झोप यांच्या मधल्या या भासांना फ्रान्समधील आल्फ्रेद मोरी यांनी १८४८ साली शास्त्रीय नाव दिले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील सुमारे ५००० लोकांच्या पाहणीत ३७ टक्क्यांनी झोप लागताना असे भास होत असल्याचे सांगितले. पहाटेच्या साखरझोपेतून उठताना भास होणारे त्याहून कमी, साडेबारा टक्के होते. रात्री हाक आली तर लगेच 'ओ' देऊ नये, असे आपल्याकडे जुनी माणसे बजावत. हाकामारीच्या गोष्टी खेड्यापाड्यांत अजूनही सांगितल्या जातात. अशा गोष्टींना कुठून तरी खतपाणी मिळत असणारच. अर्धवट झोपेत खरोखर ऐकू आलेली हाक हा त्याचा एक उगम असावा, असे मला वाटते. ऐकणारा खोटे बोलत नव्हता. त्याला आवाज आलाच होता. फक्त तो अंगणातून नव्हे, मेंदूतून आला होता.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. कारण प्रत्येक आवाज किंवा प्रत्येक चमक निरुपद्रवी नसते.

एक, आवाज झाला आणि त्याबरोबर आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी सुरू झाली, तर सकाळची वाट पाहू नका. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो. ताबडतोब रुग्णालय गाठा.

दोन, पूर्ण जागे असताना एका डोळ्याच्या कडेला नव्याने वीज चमकू लागली, काळे ठिपके तरंगू लागले किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्याचा आतला पडदा सुटत असल्याची ती खूण असू शकते.

तीन, झोपेत हातपाय आखडून झटके येणे, जीभ चावली जाणे, अंथरूण ओले होणे, उठल्यावर बराच वेळ भ्रमिष्टासारखे वाटणे ही लक्षणे अपस्माराची असू शकतात. ती तुम्हाला स्वतःला कळणार नाहीत, शेजारी झोपणाऱ्याला विचारावे लागेल.

चार, दिवसाढवळ्या, पूर्ण जागेपणी माणसांचे बोलणे ऐकू येत असेल, तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नका.

यांपैकी काही नसेल आणि वर्णन डोक्यातल्या स्फोटाशी जुळत असेल, तर बहुधा महागड्या तपासण्यांची गरज पडत नाही. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलेली हकिगत पुरेशी असते. यासाठी काही औषधे वापरून पाहिली गेली आहेत. परंतु ती मोजक्या रुग्णांवर, मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. बहुतेकांना औषध लागतच नाही. झोपण्याची व उठण्याची वेळ शक्यतो ठरलेली ठेवावी, जागरणे टाळावीत, संध्याकाळनंतर चहा-कॉफी कमी करावी. झोप यावी म्हणून मद्याचा आधार घेऊ नये. झोपेच्या किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील, तर त्या मनानेच एकाएकी बंद करू नयेत. अशा वेळी हे स्फोट सुरू झाल्याच्या नोंदी आहेत.

त्या शिक्षिकांना मी गोळी दिली नाही. कागदावर या विकाराचे नाव लिहून दिले आणि तो समजावून सांगितला. तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा म्हणाल्या, "आवाज अजून होतो मधूनच. पण आता मी कूस बदलते आणि झोपते." यालाच मी बरे होणे म्हणतो.

तेव्हा एखाद्या रात्री तुमच्या डोक्यात असा बार उडालाच, तर क्षणभर उठून बसा, दोन-चार दीर्घ श्वास घ्या. डोके दुखत नाही ना, एवढे पाहा आणि पुन्हा आडवे व्हा. सकाळी चहा घेताना घरच्यांना सांगा, "काल रात्री माझ्या डोक्यात बॉम्ब फुटला." ते हसतील कदाचित. पण त्यांच्यापैकीच कुणीतरी कप खाली ठेवून म्हणेल, "म्हणजे तुम्हालाही होतं?"